दात गेला फिराले

बा, तू मेला तेव्हा ते गाणं काहून सोबत नाही नेलं? माग मोडला, घर गेलं, तुह्या हातचं एक लुगडं कोणापाशी उरलं नाही. हे दाताचं गाणं तेवढं मागं ठेवून गेला, आणि आज माही नात ते मोबाईलवर म्हणते अन् जग हसून राहिलं. बा, मी तुही पोट्टी. चौथीतून काढलं तू मले, तेवढ्या अक्षरांत मावते तेवढं लिहिते.

तो दिवस तुले आठवत नसंल. सकाळची वेळ. तू मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आहे, माय बाजूले चरख्यावर सुताच्या कांड्या भरून राहिली. एक कांडी सैल भरली, सूत तुटलं.  तू हातातला, सूत इकडून तिकडं फेकायचा लोखंडी टोकाचा धोटा उचलला अन् तिच्या तोंडावर हाणला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. मायनं पदर तोंडात कोंबला, पदर लाल होत गेला. समोरचा दात सुतात पडला होता. तो मीच शोधून काढला, सुताले डाग लागला असता तर तू तिले पुन्हा हाणलं असतं.

चार दिवसांनी शेजारचे विणकर बिड्या ओढत बसले होते. एकानं विचारलं, "काहून गा, वहिनीचा दात कुठं गेला?" तू मागाच्या ठेक्यावर तिथल्या तिथं जोडलं:

बायकोचा दात गेला फिराले,
सांगून नाही गेला घराले!

लोक लोळले. मंग पुढच्या कडव्यात दात कोराडीच्या बसमध्ये चढला, कंडक्टरनं तिकीट मागितलं तर त्याले चावला. आठ दिवसांत साऱ्या गल्लीच्या तोंडी झालं. पाहुणे आले की तू मायले हाक मारे, "ये वं, दाखव, कुठून निघाला तो!" तिनं तोंड नाही उघडलं तर जबडा धरून उघडे. मी हसत होती. भीतीनं नाही, खरंच हसत होती. कंडक्टरचं कडवं होतंच तसं.

एक दिवस पाहुण्यांसमोरच तिनं चुलीवरची खळ उचलली, सुताले लावायची, उकळती, आणि खड्ड्यात तुह्या पायांवर ओतली. तू बैलासारखा वरडला. वर निघता येईना. ती वरून पाहत म्हणाली, "घ्या, याचं जोडा कडवं." पायाची कातडी सोलून निघाली, दोन बोटं चिकटली ती चिकटलीच. त्याच्यावर तू गाणं नाही केलं. काहून नाही केलं? मले तर तेही हसायचंच वाटलं होतं. पुढं तुहा हात उठला नाही, पण गाणं थांबलं नाही. ते आता गल्लीचं झालं होतं.

भजनाले टाळ लागते, रडायच्या गाण्याले तसा दिवस लागते. याले नुसतं तोंड पुरे. माह्या पोरांचे दुधाचे दात पडले, रक्त पाहून ती रडू लागली, तर माह्या तोंडून तेच निघालं. फक्त "बायको" काढली अन् "बाळ" घातलं. पोरं रक्त विसरून हसली. त्यांनी ते नातीले शिकवलं, आणि ती बुटीबोरीच्या कंपनीतून घरी येते अन् मोबाईलपुढं उभी राहते. तिच्या लेखी ते दुधाच्या दाताचं गाणं आहे. धुऊन-पुसून दिलं ते मीच.

काल म्हणते, "आजी, लोक विचारून राहिले गाणं कोणाचं. घरचे म्हणतात पणजोबांनी जोडलं, त्यांचं नाव टाकू? रविवारी धरमपेठेत हॉलमध्ये म्हणायचं आहे, तिथं त्यांचा फोटोही लावते."

"थांब वं बाई."

"थांबू काय? एवढा भारी माणूस आपल्या घरात होता अन् तू कधी सांगितलं नाही!"

थोबाडीत द्यावी वाटलं. हात वर गेलाही होता. पोट्टी टाळ्या पिटत हसली, तिले वाटलं मी नाचून राहिली.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, मले ठाऊक आहे. एक कबूल करते, नातीनं ते लावलं की माहा पाय अजून ठेका धरते. म्हणून रविवारी तुहं नाव सांगायचं की धोट्याचं, हे माह्यानं ठरत नाही. तू तोंड उघडू नको, बा, तू त्याचंही गाणं करशील. मायही आता तिकडंच आहे, जबाब तिनं द्यायचा. तिले लिहिता येत नाही तर कोणाकडूनही लिहून घेऊ दे, तुह्याकडून नाही.