पहिला रकाना

३ तारीख, सोमवार

रुजू झालो! छप्पन्नाव्या वर्षी आयुष्यातली पहिली नोकरी. आजवर मी इतरांना कामावर ठेवत आलो. आज हजेरीपटावर स्वतःचीच सही केली. सुतारकामाचा कारखाना मुलाच्या हाती सोपवला आणि नातीपायी पुन्हा वर्गात जाऊन बसलो. तिला तीन शाळांनी ‘हिचं डोकं ठिकाणावर नाही’ म्हणून घरी पाठवलं, तेव्हा ठरवलं की हे ठिकाण नेमकं कुठं असतं ते आपणच शिकून घेऊ. दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला. वर्गातली पोरंपोरी मला काका म्हणायची आणि परीक्षेत काकांच्याच पेपरात डोकवायची. नात आता पोटभर जेवते, पोटभर भांडते. आणखी काय हवं?

शाळा दुमजली, प्रशस्त. मुख्याध्यापकांनी ‘आपले नवे समुपदेशक’ अशी ओळख करून दिली. मुलांनी तासाभरात त्याचं ‘सुतारसर’ केलं, कारण चपटी पेन्सिल अजून कानावरच असते.

व्हरांड्याच्या टोकाला ‘शांत खोली’ आहे. बिथरलेल्या मुलाला तिथं एकट्याला बसवतात. ही रीत मला पटली नाही. पण दार! बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. भरीव, आत बुचाचा थर, चौकटीशी केसाएवढी फट नाही. आतल्या बाजूला मात्र कडी नाही, मूठही नाही. वर राखाडी रंगाचे दोन-तीन हात दिलेले. ज्याने केलं त्याचा हात गोड आहे, असं मी मोठ्यानेच म्हणालो. शाळा दाखवायला आलेले शिपाईमामा तोवर पाच पावलं मागेच थांबले होते.

६ तारीख, गुरुवार

पहिली केस: चौदा नंबर. आठ वर्षांची मुलगी, मैत्रिणी भिंगरी म्हणतात. रोज अकरा-वीसच्या सुमारास बाक उलटते, चावते, किंचाळते. वर्गबाईंच्या मते नाटकं आहेत सगळी. कारण काही नाही, रक्तातच आहे म्हणे.

दोन दिवस मागच्या बाकावर कान देऊन बसलो. अकरा-वीसला वरच्या वर्गातली मुलं उठतात आणि चाळीस लोखंडी खुर्च्या एकदम फरशीवर घासतात. भिंगरीचे हात त्याआधी मिनिटभर कानांवर गेलेले असतात. आपल्याला ती खुर्ची ऐकू येते. तिला ती दातांत लागते. काल संध्याकाळी मांडी घालून बसलो आणि एकशेसाठ पायांना रबरी टोप्या चढवल्या. आज अकरा-वीसला भिंगरीने मांजर काढलं. बाई म्हणाल्या, मांजर बरं आहे, बाकी योगायोग.

असू दे. मूल आदळआपट करतं तेव्हा ते बोलतच असतं. आपण फक्त शेवटच्या वाक्याला पोचतो.

१० तारीख, सोमवार

‘वर्तन नोंदवही’ हातात आली. तीन रकाने: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय केलं. पद्धत उत्तम. पण सात वर्षांच्या वह्या चाळल्या, तर दुसरा रकाना गच्च, तिसऱ्यात ‘शांत खोली, ४० मिनिटं’, आणि पहिला कोरा. पानामागून पान कोरा. जणू मुलं आभाळातून पडून बाक उलटतात!

दुपारभर बसून चिठ्ठ्या लिहिल्या, ‘पहिला रकाना रिकामा ठेवू नये’, आणि प्रत्येक वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या. भराच्या भरात जुन्या वह्यांवरही.

सर्वांत जुन्या वहीत एकच मुलगी सारखी भेटते. सत्तावीस नंबर. ‘बोटांनी बाक वाजवते, सांगूनही थांबत नाही.’ बावीस नोंदी. शेवटच्या नोंदीत तिसरा रकाना अर्धाच: ‘शांत खोली. बाहेर काढल्याची वेळ —’. पुढे काही नाही. वहीच संपली.

खोलीचं दार काढा, अशी विनंती मुख्याध्यापकांना केली. ते हसून म्हणाले की दार काढलं तर आवाज सगळ्या शाळेला ऐकू येईल. म्हटलं, तेच तर हवंय. त्यांनी चहा मागवला.

१३ तारीख, गुरुवार

कोणीतरी खोडी काढलीय. जुन्या वहीत सत्तावीस नंबरचा पहिला रकाना भरला जातोय. लहान मुलाचं अक्षर, पेन्सिल दाबून लिहिलेलं. एका ओळीत: ‘बाई कानात म्हणाल्या तुझ्या आईला पण तुझा कंटाळा आलाय.’ दुसरीत: ‘सगळ्यांना सांगितलं हिच्याशी बोलायचं नाही.’ तिसरीत: ‘बाक वाजवला की भीती कमी होते.’

तेव्हा तिच्या वर्गबाई याच होत्या, आताच्या भिंगरीच्या. त्यांना वही दाखवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाल्या, कानातलं कोणाला कसं कळेल? तोंडातून निघून गेल्यावर त्यांनी जीभ चावली.

१४ तारीख, शुक्रवार

बाईंचा आवाज गेला. घसा बसला असं नव्हे. त्या शिकवत होत्या, गळ्याच्या शिरा फुगल्या होत्या आणि ऐकू काहीच येत नव्हतं. मुलं आपसात गप्पा मारू लागली. बाईंनी टेबल बडवलं, त्याचाही आवाज नाही. घरी यजमानांच्या कानाशी ओरडल्या, तर ते पेपर वाचत राहिले. हे सगळं त्यांनी मला कागदावर लिहून दिलं आणि शेवटी लिहिलं: मला ऐका.

रोजनिशीत लबाडी नको. मला बरं वाटलं. लहानपणी मलाही अशाच एका बाईंनी दाराबाहेर उभं केलं होतं.

१८ तारीख, मंगळवार

शिपाईमामांना गाठून बसवलं. टोपी हातात फिरवत बोलले. सात वर्षांपूर्वी, सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. बाईंनी सत्तावीस नंबरला आत टाकलं आणि गुरुजनांच्या चहापानाला गेल्या. तिथून परस्पर घरी. मुलीची आई फाटकाशी आली, तर मुख्याध्यापकांनी न बघताच सांगितलं की तुमची मुलगी कधीच गेली. मामांनी तोच व्हरांडा झाडला. त्या दारावरून तीनदा गेले. दुसऱ्या सकाळी दार उघडलं. तिच्या बोटांच्या पेरांची सालं निघाली होती. शाळेने सांगितलं, छाती नाजूक होती तिची.

मामा डोळे पुसत म्हणाले, साहेब, दार फार चांगलं होतं हो. आवाजच आला नाही.

२० तारीख, गुरुवार

मुख्याध्यापक सापडले. शांत खोलीत. तिथला दिवा बघायला गेले आणि दार मागे लागलं. चार तास. मधल्या सुट्टीत अख्खी शाळा त्या दारासमोरून गेली. मीही गेलो, शीळ घालत. मुठी फुटल्या आहेत. बोलत नाहीत. समोरच्या टेबलावर तीनदा टकटक करतात, थांबतात, कान देतात. पुन्हा तीनदा.

गाडीत बसवताना मी त्यांच्या कानाशी वाकलो आणि म्हणालो, तुमची मुलगी कधीच गेली. आपल्यात इतका विखार असेल असं वाटलं नव्हतं. चव मात्र गोड लागली.

२४ तारीख, सोमवार

मुख्याध्यापक रजेवर. आता अडवायला कोण आहे? पेचकस घेऊन दार उतरवायला गेलो. बिजागऱ्या सोडवल्या, मामांनी दुसरी बाजू धरली. दार आडवं केलं. खालच्या कडेला रंग पोचला नव्हता. तिथं पटाशीने कोरलेला छोटा त्रिकोण आणि मध्ये टिंब.

ही खूण माझी. माझ्या कारखान्यातून गेलेल्या प्रत्येक दारावर असते.

आठवलं. सगळं आठवलं. मध्यस्थ आला होता. कुठं बसवायचं ते मी विचारलं नाही. आतून कडी नको, मूठ नको, आवाज बिलकूल बाहेर नको. मी म्हणालो, आत काय वाघ कोंडणार का राव? तो म्हणाला, तसंच समजा. आणि मी हसलो. खदाखदा हसलो. दार झाल्यावर आत रेडिओ पूर्ण मोठा करून ठेवला आणि बाहेरून माझे हे तिखट कान लावले. काहीच नाही. त्या दिवशी सगळ्या कारागिरांना चहा पाजला.

मामा बघत होते. मी दारापुढे झालो. दार भारी आहे, आज नको, म्हणालो. परत चढवलं. मामा गेल्यावर पटाशीने खूण तासून काढली.

भुसा खिशात घालून घरी आणला.

२६ तारीख, बुधवार

दार उद्या काढतो. आज पाठ धरली होती.

बाकी सगळ्या ओळी भरल्या आहेत. एकवीस. फक्त शेवटच्या नोंदीचा पहिला रकाना कोरा आहे. वही कपाटात टाकून कुलूप घातलं.

कपाट वाजतंय. तीनदा. थांबून — तीनदा.

२७ तारीख, गुरुवार

दार काढलं नाही. काढलं तर तासलेली जागा दिसेल. लोक विचारतील, कोणी तासलं, का — नातीला कळेल.

भिंगरी आज विचारत होती, सर, तुमच्या मागे उभी आहे ती बोटं का वाजवते? आणि म्हणाली, ती मला खोलीत खेळायला बोलावते. मी तिला दम दिला. मी! दम दिला. ती कान झाकून पळाली.

नोंद करायची होती. पहिला रकाना भरला नाही. ‘कारण काही नाही’ असं —

२८ तारीख, शुक्रवार

सुट्टीआधीचा शेवटचा दिवस. भिंगरी वर्गात नव्हती. तिची आई फाटकाशी. मी पळालो.

दारात पाचर ठोकली, पक्की. आत गेलो. भिंगरी कोपऱ्यात कोणाशी तरी बोलत होती. हात धरून ओढली, बाहेर ढकलली. ती बाहेर गेली. नक्की गेली. आईकडे पळताना पाहिलं. तेवढं एक बरं —

दार लागलं.

पाचर माझ्याच खिशात आहे. भुशात.

छतातल्या काचेतून उजेड येतोय. अजून दुपार आहे. मामा झाडायला येतील. मूठ नाही. बुचात नखंही शिरत नाही. कुठे फट सोडली नाही मी. ओरडलो. माझं मलाच ऐकू येत नाही. पेन्सिल कागदावर घासतेय, तीही नाही —

कपाटातली ती जुनी वही इथं आहे. जमिनीवर, उघडी. शेवटची ओळ. पहिला रकाना भरलाय. ओला असल्यासारखा काळा.

‘सुतार हसला.’

खाली नवी ओळ आखलीय. नंबर नाही. पेन्सिल कानावर परत ठेवली होती, ती माझ्या हातात आहे. माझा हात तिच्या हातात —

आधी काय झालं: विचारलं नाही. कळलं तेव्हा सांगितलं नाही.

काय केलं: दार वाजवतो, सांगूनही थांबत नाही.

नंतर काय केलं: शांत खोली. बाहेर काढल्याची वेळ —