भर दुपारची लेव्हल

१७ एप्रिल १९८४, मंगळवार
एकोणतीस सेंटिमीटर! सकाळी ज्या दगडावरून लेव्हल, म्हणजे उंचीची मोजणी, सुरू केली, संध्याकाळी फिरून त्याच दगडावर आलो, तर उंचीत एवढा फरक. उपअभियंता साहेबांनी वही चाळली आणि शांतपणे विचारलं, सावलीत बसून आकडे भरले का? मी घरातला पहिला डिप्लोमावाला. नोकरी अजून टेम्पररी. इथे बांधायच्या तलावाचं पूर्ण मोजमाप माझ्या एकट्याच्या नावावर.

१८ एप्रिल
खरं काय ते इथेच लिहितो. दुर्बिणीतून पाहिलं की लांब उभ्या धरलेल्या मोजपट्टीवरचे आकडे हलतात. दुपारी खडकावर तर पाण्यात बुडवल्यासारखे थरथरतात. मी अंदाजाने वाचले. डोळे गेले बहुतेक. कोणाला सांगितलं नाही.

१९ एप्रिल
गोंडांच्या टोल्यातले, म्हणजे इथल्या वस्तीतले, वडीलधारे बुधूभाऊ माझ्या तंबूपाशी येऊन बसले. माझ्या आकड्यांप्रमाणे टोल्यातली खालची सहा घरं तलावाच्या पुराच्या रेषेखाली येतात — अकरा सेंटिमीटर. म्हणजे उठवावी लागणार. भाऊ भांडले नाहीत. एवढंच विचारलं, "तुमचं माप पक्कं हाय ना, साहेब?"
मी हो म्हणालो.


२१ एप्रिल
शाळेत शिकवणाऱ्या अन्नपूर्णाबाईंना सहज विचारावं तसं विचारलं — वरोऱ्याला डोळ्यांचा डॉक्टर कोण? बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी सगळंच सांगून बसलो.
त्या मला चुलीपाशी घेऊन गेल्या. नुसते निखारे होते. पलीकडे पाटी धरली, मला निखाऱ्यांवरून वाचायला सांगितलं. अक्षरं नाचायला लागली! पाटी बाजूला घेतली — अक्षरं जागच्या जागी.
"डोळे चांगले हायेत तुमचे. हवा हालून राह्यली."
मग समजावून सांगितलं. तापलेली हवा पातळ होऊन वर चढते, गार हवा जड, ती खाली उतरते. दोन्हींची सारखी ढवळाढवळ. पातळ हवेतून दाट हवेत शिरताना उजेड जरासा वाकतो. ढवळणं थांबत नाही, म्हणून वाकणंही क्षणाक्षणाला बदलतं, आणि आपल्याला वाटतं पाटीच हलते. तापल्या खडकावर, डांबरी रस्त्यावर, टिनावर — सगळीकडे हेच.
शिकलो होतो मी हे! परीक्षेत लिहिलंसुद्धा होतं. भीतीने एकदाही आठवलं नाही.
परत येताना रस्त्यात थांबलो आणि रडून घेतलं. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

२३ एप्रिल
उजाडल्याबरोबर सुरुवात. खडक गार, आकडे कोरल्यासारखे. पट्टी धरायला मजूर इतवारी. दुर्बीण आणि पट्टीमधली अंतरंही लहान ठेवली. साडेआठला हवा पुन्हा थरथरू लागली, तशी दुर्बीण पेटीत ठेवली. इतवारीला वाटलं मी आजारी पडलो.

२६ एप्रिल
त्याच दगडावर परत — फरक सहा मिलिमीटर!!
सर्वात खालच्या घराचा ओटा पुराच्या रेषेच्या सतरा सेंटिमीटर वर. एकही घर उठणार नाही.
साहेबांनी दोन्ही वह्या शेजारी ठेवून पाहिल्या. जुनी पानं फाडू नको, म्हणाले, नुसती रेघ मार आणि कारण लिही. त्याच दिवशी सांगितलं असतंस तर मी काय खाल्लं असतं तुला? सही केली.
मग टोल्यात गेलो. बुधूभाऊंना सांगितलं, घरं राहतात. आणि तेही सांगितलं जे सांगायचं धाडस होत नव्हतं — "त्या दिवशी माप पक्कं नव्हतं, भाऊ. मला ठाऊक होतं. तरी हो म्हणालो."
"आता सांगतलं ना," भाऊ म्हणाले. बायकोला, सोनीबाईंना, पाणी आणायला सांगितलं, मला खाटेवर बसवलं.

२७ एप्रिल
सात वाजेपर्यंत झोपलो. कित्येक दिवसांनी!

९ जून
चंद्रपूरहून पत्र. तलाव रद्द. जंगलाची जमीन मिळत नाही.
टोल्यात सांगायला मीच गेलो. नाला मार्चातच आटतो, बाया दोन कोसांवरून पाणी आणतात.
बुधूभाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "घरं राह्यली. अन् पानी, साहेब?"