ट्रॉलीवरचा नंबर

१ डिसेंबर
थंडी. गुडघे गेले कामातून. नातसून ऋतुजा (आता नुसतं ऋ. लिहीन, एवढ्या लाडाची नाई) सकाळपासून ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसली. पुण्याची हाये. भाकर थापते तं पोराच्या पाटीसारखी, चारी कोपरे दिसते. पगार मात्र माह्या नातवापेक्षा, मंगेशपेक्षा जास्त, म्हणून कोणी बोलत नाई. मी बोलते.
काम आपल्याच जिनिंगवाल्याचं, सरकी काढाच्या कारखान्याचं. कापूस न्याचा तं आता मोबाइलवर नंबर लावा लागते. अर्धी वेबसाइट जुनी, अर्धी हिनं नवी केली. दोघींचं पटत नाई. आत गेलेल्या माणसाले जुनं पान पुन्हा लॉगिन मागते. शेतकरी मालकाले शिव्या देते, मालक हिले. फोनवर नुसतं हो सर, हो सर.

३ डिसेंबर
जेवताना मंगेशले समजावून राह्यली होती. नव्या व्हर्जननं माणूस ओळखला तरी जुन्या फ्रेमवर्कले त्याचा पत्ताच नसते. दोन्हीची लॉगिन तपासायची रीत वेगळी. मंगेश म्हणे, "म्हणजे एका घरात दोन सासवा." हसली. माह्याकडं पाहून थांबली.
मालकाले आजच्या आज पाह्यजे होतं. मंग हिनं असं केलं, का नवं पान माणसाचा मोबाइल नंबर वरच्या पत्त्याच्या ओळीत लिहून जुन्याकडं पाठवते. जुनं तेवढ्यावर इमान ठेवते.
मंगेश म्हणे, "अन् कोणी दुसऱ्याचाच नंबर टाकला तं?"
"दुसऱ्याचा नंबर कोणाला माहीत असणार? आणि तात्पुरतं आहे रे. पुढच्या आठवड्यात नीट करते."
इथं जो-तो ट्रॉलीच्या मागं आपला नंबर रंगवते. पोराचं नाव, देवाचं नाव, खाली मोबाइल. गल्लीत उभं राह्यलं का सारं गाव वाचून होते. पुण्यात नसन तसं. मी कायले सांगू? मी नवी आली तवा मले कोणी सांगतलं होतं?

५ डिसेंबर
ऋ. चा जुना फोन माह्याकडं असते, भजनं ऐकाले. त्याच्यात तिनं मंगेशच्या नंबरानं जिनिंगचं पान उघडून देल्लं. "आजी, इथे दाबलं की आपली पाळी कधी ते दिसेल." आपली बुधवारी.
वरच्या ओळीत मंगेशचा नंबर दिसून राह्यला होता. समोर गल्लीत धाकट्या जाऊबाईची ट्रॉली उभी, सारं गाव तिले काकू म्हणते. शांता. लाल रंगात नंबर, नाल्यावरूनही दिसते. चौथी शिकली मी, आकडे येते.
टाकला. पान म्हणे, नमस्कार शांताबाई.
जन्मात तिले कोणी नमस्कार केला नसन.
तिची पाळी सोमवारची. खाली 'रद्द करा'. फोन बंद केला.

६ डिसेंबर
शांतानं दिवाळीत आमची शेतात जायची वाट नांगरून टाकली. विचारलं तं म्हणे, "आता किती दिवस जाशीन वो बाई वावरात?"
आज दाबलं. विचारते, नक्की?
नक्की.

८ डिसेंबर
शांताचं पोरगं भरला ट्रॅक्टर घेऊन जिनिंगवर गेलतं. फाटकावरून वापस. नंबरच नाई म्हणे. दुपारून आभाळ गळलं, ताडपत्री अर्धी. सारा कापूस पिवळा पडन आता. शांता गल्लीत बसून रडली. मी खुर्ची बाहेर काढली.
मले पाहून उठली. "तुह्या त्या पुण्यावालीनं केलं! तिच्याच हातात हाये मशीन!"
गल्ली सारी ऋ. कडं पाहाले लागली. ती दारात उभी, हातात पीठ. म्हणे, "काकू, मी कशाला करीन?"
मी खुर्ची आत घेतली.

९ डिसेंबर
मालकाचा फोन. आवाज ओसरीभर. "मॅडम, आत आला तुमच्या घरचा नंबर, अन् रद्द झाला शांताबाईचा. दार तुम्ही उघडं ठेवलं ते एक. हात कोणाचा, ते गुरुवारी दहा वाजेपर्यंत सांगा. नाई तं तुमचाच समजतो. मंग काम बंद, अन् गावाले मी सांगीन कोणी केलं ते."
मंगेशचा चेहरा उतरला. "मी तं वावरात होतो..." माह्याकडं पाह्यलं बी नाई. त्याले सुचलंच नाई, आजी अन् मोबाइल!
ऋ. ले सुचलं. भाजी वाढताना माह्या ताटावर पळी थांबली तिची. मंग वाढली. नेहमीएवढीच.

१० डिसेंबर
आपला कापूस गेला. भाव बरा.
ऋ. नं दुरुस्ती केली. आता जुनं पान कोणाच्या लिहिल्यावर जात नाई, नव्याले स्वतः विचारते का हा माणूस कोण. फोन आणून माह्या मांडीवर ठेवला. "आजी, शांताकाकूंचा नंबर टाकून बघा."
"मले काय येते त्यातलं?"
"टाका."
टाकला. पान म्हणे, तुम्हाला परवानगी नाही.
तिनं फोन उचलून नेला, तो मी कायले मागू?
संध्याकाळी मंगेशनं विचारलं, "लागला पत्ता?" मी लसूण सोलून राह्यली होती. ती म्हणे, "पाहते."
उद्या दहाले फोन. माहं नाव घेतलं तं नोकरी राहीन, पण या घरात राहाले तिले कठीण, अन् मले गल्लीत. नाई घेतलं तं चोर तीच.
आता लायटीखाली बसून नखं कापून राह्यली, शांतपणानं, एक-एक.
मी तिच्या जागी असती तं कालच घेतलं असतं नाव. जेवाच्या आधी.