बाबांच्या बंदुकीची डाय

डेल,

बिलिंग्जच्या दुकानातून तुझं पार्सल आणलंय. वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरायला शिकायचं म्हणालास, तेव्हा काय काय घ्यायचं ते मीच सांगितलं होतं. काडतुसं दाबायची प्रेस साधी घेतलीस, बरं केलंस. वजनकाटाही चांगला आहे. पण डाय, काडतूस मापात बसवायचा तो साचा, आपल्या बंदुकीच्या मापाची नाही. दुकानदाराला म्हटलं, बदलून दे. तो हसला, "अगं रोझान, डेलनं हेच माप दोनदा बजावून सांगितलंय."

ह्या मापाची बंदूक आपल्या घरात एकच होती, बाबांची. ती मला द्यायचं त्यांनी कबूल केलं होतं. आजारपणात त्यांनी ती परस्पर विकून टाकली, असं तूच मला सांगितलंस, तेही डोळ्यांत पाणी आणून.

सख्ख्या बहिणीला फसवलंस, ते एक वेळ गिळलं असतं. पण मी मूर्ख, दोन हिवाळे त्या गेलेल्या माणसावर रुसून बसले. त्यांच्या थडग्यावर एक फूल ठेवलं नाही.

आता तिकडेच चाललेय. खिम्याची चिली स्टोव्हवर आहे, गरम करून खा. मी येईन तेव्हा बंदूक टेबलावर असू दे. तू नसलास तरी चालेल.

रोझान