काळनखाचा मानपान

१ जानेवारी १९७९, सकाळ
नवीन वर्ष. उठल्या उठल्या सगळ्यांची विचारपूस केली. बायकोला, म्हणजे येसूबाईला, विचारलं, गुडघा कसा आहे? म्हणाली, तुमच्या डोक्यापेक्षा बरा, निदान चालतो तरी. म्हैस कशी आहे? आटली आहे, पण आनंदात दिसते. शेजारच्या गजा दूधवाल्याचा खोकला कसा आहे? खोकूनच उत्तर दिलं. त्याची मुलगी मैना कशी आहे? लाजून आत पळाली. म्हणजे स्थळ आलेलं आहे. माझी प्रकृती: फर्स्ट क्लास.

संकल्प: बद्रूची ‘अंधारगड’ कादंबरी चित्रकथेत उतरवणे. होळीपर्यंत पूर्ण.

बद्रू म्हणजे बद्रुद्दीन, खोपोलीचा. कारखान्यात तो स्टोअरला होता, मी पेंटर. तीन वर्षं खपून लिहिली बिचाऱ्याने. सूर्य न उगवणारा गड, माणसांच्या सावल्या पिणारा काळनख राजा, आणि शेवटी शूर तेजा त्याचे दोन तुकडे करतो. कोणी वाचत नाही. लोक म्हणतात, भीती वाटते. मला वाटतं, जाड आहे म्हणून. चित्रं असली की उड्या पडतील.

कारखान्यातल्या सगळ्या ‘धोका’ पाट्या माझ्या हातच्या. कवटी आणि दोन हाडं यांत कुलाबा जिल्ह्यात माझा हात धरणारा नाही.

३ जानेवारी
खोपोलीला जाऊन बद्रूची परवानगी घेतली. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. म्हणाला, आबाजी, चित्रं तुझी, पण शेवट माझा. काळनख मेला पायजे. नाय मेला तर आपली दोस्ती मेली समज. मी म्हणालो, मेला म्हणून समज.

९ जानेवारी
काळनख काढला. कवटी आली. तेजा काढला. तीही कवटीच. राजकन्येला वेणी घातली, तरी कवटीच. येसूबाई म्हणाली, एकाच घरातली दिसतायत सगळी.

हात उत्तम आहे. समोर माणूस नाही, हाच काय तो दोष. मॉडेल पाहिजेत.

१५ जानेवारी
आमच्या दहिवलीत कलेची कदर नाही. मेलेली प्रजा व्हायला कोणी तयार होईना. येसूबाईला सावली गमावलेली म्हातारी हो म्हटलं, तर लाटणं घेऊनच बाहेर आली. शेवटी गजा काळनख व्हायला तयार झाला. मिशा भरघोस. अट एकच, बसल्यावर चहा.

२ फेब्रुवारी
गजा बसतो छान, पण हसतो. म्हटलं, अरे, तू माणसांच्या सावल्या पितोयस, हसतोस काय? म्हणाला, गोड लागत असतील, म्हनून हसतो. बरं, फोटूत हसायचं नाय का?

ओठांवरून रक्त ओघळवलं आणि हसू झाकलं. दोन शिंगं आणि सिंहासन दिलं, तरी हुबेहूब गजा! वाळायला ओटीवर टांगला आहे.

तेजासाठी आरसा घेऊन स्वतःच बसलो. केस किंचित वाढवले. येसूबाईने विचारलं, हा कोण पोरगा? सांगितलं नाही.

११ फेब्रुवारी, रविवार
घोटाळा. मैनाला बघायला खालापूरची मंडळी आली. गजाचं घर लहान, म्हणून पाहुणे आमच्या ओटीवर बसवले. समोर काळनख! मुलाचे वडील विठूभाऊ एकदा चित्राकडे बघत, एकदा गजाकडे. पोहे अर्धे टाकून उठले.

मुलगा मैनाच्या मनात भरलेला. रडत माझ्यापुढे येऊन उभी राहिली. म्हणाली, आबा, माज्या बापाच्या तोंडाला रगत लावलंत, आता मला कोन करील? गजा चहाही प्यायला नाही. ते जास्त लागलं.

येसूबाई आता माझ्याशी म्हशीमार्फत बोलते. मी शांत आहे. उद्या खालापूरला जाऊन चित्रकला समजावून सांगतो. पाच मिनिटांचं काम.

१२ फेब्रुवारी
दुपार गेली. राक्षस खोटा असतो, गजा देवमाणूस आहे, वगैरे सगळं सांगून झालं. विठूभाऊ म्हणाले, आमी काय खुळं हाय? चित्र हाय ते कळतं आमाला. पन मुलीचा बाप शियासनावर, आनि आमी वरपक्ष कुटं? पोह्याच्या बशीपाशी?

म्हणजे राग रक्ताचा नव्हताच. मानाचा होता!

तिथल्या तिथे शब्द दिला: काळनखाच्या वर थोरला काळनख, त्याचं सिंहासन दोन पायऱ्या उंच. विठूभाऊ खुलले. स्थळ पक्कं. येताना मैनासाठी पेढे आणले. येसूबाई थेट बोलली: शानेच हाव.

कादंबरीला धक्का नाही. एकाऐवजी दोन मारायचे, एवढंच.

२५ फेब्रुवारी
विठूभाऊ फेटा बांधून बसायला आले. गजाला दोन शिंगं, म्हणून यांना चार. सोबत बहीण अंबूबाई. चित्र बघून तिने पदर तोंडाला लावला. भावाला शिंगं चार, आनि नवऱ्या मुलाच्या सख्ख्या आत्याला एक बी नाय? जाते मी घरी. रस्त्यातून परत आणून तिला शिंगं दिली. शिंगांवर गजरा मागितला. तोही दिला.

१३ मार्च, होळी
पूर्ण झालं नाही. कारण मी नव्हे, नातेवाईक. रोज कोणीतरी टेंपोने येतं. मुलाचा मामा, मामी, मामीचा भाऊ. जानेवारीत राक्षस मिळत नव्हता, आता रांग लागली आहे. मामाला सुळे आत्यापेक्षा लांब हवेत.

प्रजा अजूनही नाही. प्रजा नाही म्हणजे सावल्या नाहीत. सध्या सगळे राक्षस कोकम सरबत पिताना दाखवले आहेत. रंग तोच असल्यामुळे भीषणपणा टिकून आहे.

२८ मार्च, पाडवा
लग्न वैशाखात ठरलं. चित्रकथेचं एकच पान उरलं आहे, तेजा थोरल्या काळनखाचे तुकडे करतो ते. येसूबाईला सहज दाखवलं, तेजा म्हणजे मीच हेही सांगितलं. म्हणाली, मुलीकडच्या मान्सानं व्याह्यावर तलवार उगारायची? पोरीला नांदवायची हाय का परत आनायची हाय?

हे ध्यानात आलं नव्हतं. मैना रोज येऊन विचारते, आबा, काय गडबड नाय ना? नाही म्हणतो.

७ एप्रिल, शनिवार
मार्ग काढला! तेजा काळनखाचं फक्त नख कापतो. बद्रूचा शेवटही राहतो, व्याहीही राहतो. अंबूबाईंना दाखवायला गेलो. म्हणाल्या, शनवारी नखं कापत्यात व्हय? घरात अवदसा आनायची हाय का? पान फाडलं.

१० मे, लग्न
फर्स्ट क्लास पार पडलं. चित्रकथा मांडवाच्या कनातीला ओळीने लावली होती. वऱ्हाडी आपापली शिंगं शोधून खूष. शेवटच्या पानावर काळनख चौरंगावर बसला आहे आणि शूर तेजा तांब्याने त्याचे पाय धुतो आहे. मैना जाताना माझ्या पाया पडली. हुंदका आवरला नाही. तिचा नव्हे, माझा.

बद्रू आला होता. हात मागे बांधून पहिल्या पानापासून बघत गेला. शेवटच्या पानापाशी थांबला. विचारलं, मेला का रं माजा काळनख?

मी म्हणालो, जेवायला बसलाय.

पंगतीत विठूभाऊ आग्रहाने वाढून घेत होते. बद्रूने तिकडे बघितलं. म्हणाला, तीन वर्सं लागली रं मला त्याला मारायला. चपला घातल्या आणि न जेवता गेला. घाईत असावा.

२ जून
बद्रूचा निरोप नाही. खोपोलीला दोनदा गेलो. दोन्ही वेळा झोहराभाभी म्हणाल्या, झोपलेत. आतून खाट वाजत होती. कामात असेल. पत्र टाकायचं, त्याचा मसुदा:

प्रिय बद्रू, तुझ्या कादंबरीतला एक शब्दही मी बदललेला नाही. शिंगांमुळे शब्द घालायला जागाच उरली नाही. विठूभाऊ म्हणतात, लिहिणाऱ्याने आमचा स्वभाव बरोबर ओळखला, एकदा जेवायला आणा. मैना सुखात आहे. काळनख तिला वाटीत दही वाढतो आणि जेवलीस का म्हणून विचारतो, हे तिने स्वतः सांगितलं. अशा माणसाला मी कसा मारू, तूच सांग. अगदीच मारायचा असेल तर मैनाचं पहिलं बाळंतपण होऊ दे, मग दोघे बसून बघू. पण तोवर बोलणं टाकू नकोस. दुपारचा चहा एकट्याला जात नाही. दोन ओळी खरड. शिव्या असल्या तरी चालतील, पण लवकर लिही.