उपाशी वाढणारं झाड

आबा, काल डिंगोऱ्याला आजीकडे गेले आणि बारा वर्षं पोटात ठेवलेलं तिला सांगून टाकलं. तुम्हाला मात्र ते कधीच सांगितलं नाही, आणि आता सांगायचं म्हटलं तर तुम्ही आहात कुठे? सकाळपासून खताचं दुकान उघडलेलं नाही. मागच्या खोलीत पोत्यावर बसून लिहितेय. दोन गिऱ्हाइकं शटर वाजवून गेली. वाजवू देत. आज मला कुणाला काही सल्ला द्यायचा नाही.

तुम्ही पलटणीतून कायमचे घरी आलात तेव्हा ट्रंकेत लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेला पत्र्याचा डबा होता. डब्यात खडी आणि खडीत तीन रोपं, जुन्या रुपयाएवढी. गुलाबाच्या फुलाच्या पाकळ्या असतात तशी गोल मांडलेली जाड पानं, कडेला काळपट लाल. बर्फातल्या तुमच्या ठाण्याखाली खडकाच्या कपारीत ती उगवायची. त्याच कपारीवर बर्फ कोसळून तुमचा जोडीदार गेला आणि त्याचा देह काही सापडला नाही. त्याच्या आईला काय न्यायचं, म्हणून तिथलं जे जिवंत होतं ते तुम्ही उचलून आणलंत. ती आई म्हणजे डिंगोऱ्याची आजी. आम्ही पोरं त्या झाडांना बरफी म्हणायचो आणि तुम्ही हसायचात. त्यांच्यासाठी तुम्ही बेल्ह्याच्या बाजारातून गुरांच्या पाण्याची जुनी दगडी डोण टेंपोत घालून आणलीत. बैल आणायला गेलेला माणूस डोण घेऊन आला म्हणून आई चार दिवस तुमच्याशी धड बोलली नव्हती.

त्या डोणीत माती म्हणावी अशी मातीच नव्हती. मुरूम, फुटक्या कौलांचे तुकडे, चाळलेली वाळू आणि मूठभर कुजलेला पाला. पावसाळ्यात वर पत्रा, उन्हाळ्यात भिंतीची सावली. थंडी पडली की वर्षातून एकदा हाडांचा चुरा, तोही दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा, रोपापासून बोटभर लांब. मी आठवीत होते. तुम्ही शेतात गेलात आणि मला त्या झाडांची दया आली. शेजारच्या मेंढरांच्या वाड्यावरून ओंजळभर लेंडीखत आणून मी डोणीत पसरलं. तुम्ही आलात, बघितलंत, ओरडला नाहीत. आईच्या अंबाड्यातला आकडा मागून घेतलात, माझ्या हातात दिलात आणि एकेक लेंडी वेचायला बसवलंत. ऊन डोक्यावरून कलेपर्यंत मी वेचत होते. तुम्ही शेजारी बसून राहिलात आणि शेवटी एवढंच म्हणालात, "हे उपाशी वाढनारं झाड हाय, बाय. ह्येला जेवायला घालायचं न्हाई. भूक हाय का, एवढंच इचारायचं." मला तेव्हा तुमचा लई राग आला होता.

आणि आजीला मात्र तुम्ही कधी एका शब्दानं बोलला नाहीत! दरसाल चैत्रात, तिच्या मुलाच्या मरणाची तार आली त्या दिवसांत, तुम्ही एक पिल्लू सुटं करून जुन्नरला एसटी बदलून तिच्याकडे न्यायचात. ती ते तेलाच्या डब्यात लावून बुद्धांच्या फोटोखाली ठेवायची, आणि दरसाल ते मरायचं. कारण ती त्याला शेण घालायची, ताक घालायची, भाताची पेज घालायची. मी एकदा तुमच्याबरोबर आले होते तेव्हा तिला सांगायला गेले, तर तुम्ही माझा हात दाबलात. ती म्हणत होती, पोराच्या जागेचं हाय, त्याला उपाशी कसं ठेवू? येताना एसटीत तुम्ही म्हणालात, तिला घालू दे, आपण दुसरं देऊ. म्हणजे तिचं झाड आपल्या डोणीवर चालू होतं. डोण गेली की सगळं गेलं. हे मला पक्कं ठाऊक होतं, आबा. न कळत्या वयात केलं असं म्हणायचीही सोय नाही.

तुमची उजवी बाजू गेली त्या साली दिवाळी नुकतीच झाली होती. आई तुमच्याबरोबर पुण्याला दवाखान्यात, मी घरी म्हशीपाशी. शेतीची पदविका झालेली, ह्याच दुकानात नोकरीला लागलेली, आणि अक्कल अशी उतू चाललेली की विचारू नका. द्राक्षवाले, टोमॅटोवाले माझ्या बापाच्या वयाचे लोक मला "ताई, ठिबकातून काय सोडू?" म्हणून विचारायचे आणि मी सांगितलेलं सोडायचे. घरी आल्यावर डोणीतली ती आक्रसलेली, लाल पडलेली अकरा रोपं बघून मला वाटलं, आबांनी ह्यांना जन्मभर उपाशी मारलं. तुम्ही परत याल तेव्हा डोण भरलेली दिसावी, असंही वाटलं, ते खोटं नाही. मी दुकानातलं एकोणीस-एकोणीस खत पाण्यात विरघळवून दर आठवड्याला घालायला लागले. महिन्याभरात रोपं तळहाताएवढी झाली. हिरवीगार, तुकतुकीत. मी शेजारणींना बोलावून दाखवली.

मग तुमचा फोन आला. आईनं दवाखान्यासमोरच्या बूथवर तुम्हाला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. जीभ जड, एकेक शब्द ओढून काढत होतात. माझी खुशाली नाही, म्हशीची नाही. तुम्ही विचारलंत, "लाल हायेत न्हवं?" त्या क्षणी मला कळलं, आबा. लाल म्हणजे कणखर, हिरवी म्हणजे फुगलेली. सगळं एका शब्दात कळलं आणि मी म्हणाले, "हो, लालच आहेत." तुम्ही बराच वेळ काही बोलला नाहीत, मग आईनं फोन घेतला.

शिमग्याला ऊन तापलं आणि मधला गाभा सुटायला लागला. पान धरलं की हातात यायचं, पाणी भरलेलं, काचेसारखं, कुजका वास येणारं. मी काय नाही केलं! पाणी तोडलं. सगळी खडी उपसून धुतली. सडकं कापून राख लावली, दुकानातली बुरशीवरची पावडर लावली. टेबलफॅन वायरीवर वायर जोडून अंगणात आणला आणि दुपारभर डोणीवर सोडला. कामाला गेले नाही, जेवले नाही, म्हशीची धार काढायची राहून गेली, ती हंबरत राहिली. अकराची सात झाली, सातांची दोन. शेवटचं मी वाटीत घेऊन देवासमोर ठेवावं तसं ठेवलं आणि बुद्धांच्या तसबिरीला म्हणाले, माझं काहीही घ्या, हे एक राहू द्या. आपल्यात असं मागत नाहीत, मला माहीत आहे. तिसऱ्या दिवशी वाटीत नुसता चिकट लगदा होता.

तेवढ्यात आईचा निरोप आला की आबा म्हणतात, चैत्र लागला, डिंगोऱ्याचं पिल्लू पोचव. मी पुण्याला तुम्हाला भेटायला आले आणि भेटण्याआधी एका नर्सरीत गेले. तशाच गोल पानांचं, शोभेचं एक रोप घेतलं, त्याची काळी पिशवी काढून मुळाशी मुरूम भरला आणि तुम्हाला भेटून परतताना परस्पर आजीला नेऊन दिलं. तिनं ते गालाला लावलं. तुम्ही पुढच्याच आठवड्यात गेलात.

ते झाड मेलं नाही. शेण खाऊन, पेज पिऊन माजलं. डब्यातून बाहेर आलं, पिल्लांवर पिल्लं झाली, आळीतल्या बायकांनी मागून नेली. डिंगोऱ्यात आता सात-आठ दारांत ते आहे आणि सगळे त्याला जवानाचं झाड म्हणतात. दरसाल चैत्रात मी जाते, आजी मला चहा करते, आणि त्या झाडाकडे पाठ करून मी तो पिते. काल ती म्हणाली, "माझं काय आता खरं न्हाई. मला न्हेतील तवा त्याचं एक पान माझ्या हातात ठिव." मला राहवलं नाही. तिच्या खाटेशी खाली बसून सगळं सांगितलं. फोनसुद्धा.

ती आढ्याकडे बघत ऐकत होती. मग म्हणाली, "ठाऊक हाय मला. पयल्याच पावसाळ्यात कळलं. माझ्या हातचं खाऊन जगलं, तवाच म्हनलं, हे तिथलं न्हाई." मी विचारलं, आजी, मग बोलला का नाहीत? म्हणाली, "तुझा बाप नुकता गेल्याला. तुला आनखी काय बोलू?" बारा वर्षं, आबा! बारा वर्षं ती बाई माझ्यासाठी त्या खोट्या झाडाला पाणी घालत होती. मला वाटलं, आता सुटले. आणि तिनं मान माझ्याकडे वळवून विचारलं, "तुझ्या बापाला ठाऊक व्हतं का गं?"

मी नाही म्हणाले. पुन्हा खोटं, कारण मला ठाऊकच नाही. तेच विचारायला हे लिहायला घेतलं, आणि हे कुठे टाकायचं ते कोण सांगणार? दुपारपर्यंत जाळून टाकीन बहुतेक. पण आधी राहिलेलं सांगते. शेवटच्या दिवशी आई खाली औषध आणायला गेली होती आणि खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही डाव्या हातानं मला जवळ बोलावलंत. तुमचे ओठ हलत होते. कान तोंडाशी नेला असता तर ऐकू आलं असतं. झाडांचं विचाराल ह्या भीतीनं मी पाणी आणते म्हणून उठले आणि आई येईपर्यंत जिन्यात उभी राहिले. उशाशी तांब्या भरलेला होता.