लिंक नसलेलं पान

उपोलू बेट
बुधवार, १४ ऑगस्ट

आदरणीय लेपेका आत्या यांस,

फुआतिनोचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? खोबरेल कोमट करून लावता ना? आईने कालच्या बोटीने तारोच्या कंदांची टोपली पाठवली आहे, मिळाली असेल. इकडे सगळे बरे आहेत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. चर्चच्या गायकांतून मला कोणी काढलेलं नाही, फक्त माझ्या शेजारी कोणी उभं राहत नाही.

शनिवारच्या सभेचं तुमच्या कानावर आलंच असेल. फोन करायचा धीर झाला नाही. तुम्ही नुसत्या गप्प राहिलात तर मी काय करणार होते?

गावाची वेबसाइट केली तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, "आपल्या घरांना भिंती नाहीतच, आणखी ही एक उघडी पडवी कशाला?" मी हसले होते. ऑकलंडला गेलेल्या आपल्या लोकांना लग्नामयताची बातमी कळावी, चर्चचे फोटो दिसावेत, एवढ्यासाठीच केली होती.

वंशावळ तुम्ही मला एकटीला सांगितलीत. "पुढे पोरांची लग्नं ठरतील तेव्हा रक्त कुठून कुठे गेलंय ते एकीला तरी ठाऊक हवं. घराबाहेर मात्र शब्द जाता कामा नये." मला विसरायची भीती वाटली. म्हणून साइटवर एक पान करून सगळं टाइप केलं, आणि त्या पानाकडे नेणारी लिंक कुठेच ठेवली नाही. वाटच नाही तर कोण पोचणार, असा माझा हिशोब. शाळेत मीच शिकवते की प्रत्येक पानाला पत्ता असतो आणि पत्ता ज्याच्या हाती पडेल त्याला पान उघडतं, अडतं फक्त पासवर्ड असला तर. मी पासवर्ड ठेवला नव्हता.

घराण्याचा नवा प्रमुख म्हणून सभेत बाबांचं, इओसेफोचं नाव निघालं. सगळे माना डोलावत होते. तेवढ्यात पलीकडच्या शाखेचा सेफो उठला, खिशातून फोन काढला आणि वाचू लागला. "इओसेफो. पोटचा नव्हे. सावाई बेटाच्या बोटीतून आणलेलं तान्हं मूल." शब्द माझे होते, आत्या, एकही बदललेला नव्हता. बाबांना हे कधीच माहीत नव्हतं. साऱ्या गावाबरोबर त्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं. हातातली मानाच्या पेयाची, कावाची वाटी न पिता त्यांनी खाली ठेवली आणि म्हणाले, "माझं नाव मागे घ्या."

मी सगळ्यांना सांगितलं की शोधयंत्राने पान हुडकून काढलं. लोकांना पटलं. यंत्रावर आळ घातला की कोणाला वाईट वाटत नाही.

पण ती यंत्रं लिंकवरून लिंकवर हिंडतात, आणि माझ्या पानाला लिंक नव्हती. पत्ता मी दिला. ऑकलंडला गेलेल्या आपल्या मालियाला. ती फोनवर म्हणाली, "तू गावात बसून काय जाणतेस घराण्याचं? इथे आम्हाला जास्त माहीत आहे." माझ्या डोक्यात तिडीक गेली. पत्ता पाठवला आणि लिहिलं, बघ आणि लगेच बंद कर. फुशारकी, दुसरं काही नाही. तिने तो सेफोच्या मुलीला पाठवला.

सभेतून आल्या आल्या पान पुसलं. सर्व्हरवरून गेलं ते. पण पान उघडणं म्हणजे त्याची प्रत आपल्या यंत्रात उतरवणं. या जाळ्यात नुसतं बघून परत जाणं नसतंच. हेही मी शिकवते. आता ते किती जणांच्या फोनमध्ये आहे कोण जाणे.

आईला म्हटलं, आपल्या हातून दुसऱ्या घराण्याचा अपराध झाला की पहाटे त्यांच्या दारी माफीसाठी चटई पांघरून बसतात, तशी मी आत्याच्या दारी बसते. आई म्हणाली, "तसं परक्यांपुढे बसतात. आपल्याच दारी बसलीस तर आपण परके झालो असंच होईल ना?" मग मी हे तोंड घेऊन कुठे जाऊ, ते सांगा.

हे पत्र लिहीत होते तेव्हा बाबा येऊन बसले. शनिवारपासून बोलले नव्हते.

"लेपेकाला ठाऊक होतं?"

"हो. बोटीतून तुम्हाला तिनेच उतरवून घेतलं होतं."

हाताची नखं बघत ते म्हणाले, "नीरफणसाचा मोठा तुकडा नेहमी मलाच द्यायची. मला वाटायचं, मी लाडका म्हणून."

मी म्हटलं, लाडके म्हणूनच.

शुक्रवारच्या बोटीने मी त्यांना घेऊन येते आहे. मला आत घेतलं नाहीत तरी चालेल, त्यांना घ्या. उठताना ते एवढंच म्हणाले, "खाली सही करशील तेव्हा तू तिची कोण, ते नीट लिही."

तुमच्या भावाची मुलगी,
फुआतिनो